पंखा फिरतो ना

डॉक्टर गायधनी म्हणायचे, पंखा फिरतो ना,
मग दोष पंख्याचा कसा?
म्हणून त्यांनी वडाळा नाक्यावर रेडिएटर दोनदा उकलून घेतला,
थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप थेट जर्मनीहून मागवला,
आणि तरी गाडी दर खेपेला
कसारा घाटात, तिसऱ्या वळणाच्या पुढे,
ट्रकांमागे रांगता रांगता उकळायची.

एकोणऐंशीची मर्सिडीज. पाच सिलिंडर, डिझेल,
रंग कधीकाळी सायीसारखा.
पंचवटी कारंजावर बावीस वर्षं लोकांच्या दाढा काढून
त्यांनी ती घेतली, तिसऱ्या हातची,
आणि अकरा वर्षं उकळत वापरली.

ते मार्गशीर्षात गेले.
चैत्रात शैलावहिनींनी गाडी माझ्या आडगावच्या शेडमध्ये आणून लावली.
"तुम्ही ओझरला विमानं दुरुस्त करायचात ना, बघा."
विमानं नाही, विमानांचे पंप, मी म्हणालो.
त्यांना तो फरक महत्त्वाचा वाटला नाही.

इंजिन तापवलं, बंद केलं, पंखा बोटानं ढकलला.
एक, दोन, तीन, चार फेऱ्या. भिंगरी.
तापल्या गाडीचा पंखा असा फिरू नये,
तो अडला पाहिजे, चिखलातल्या चाकासारखा.
जो इतका सहज फिरतो, तो काही ओढत नसतो.
दोन मिनिटांचं काम.
आणि मी अकरा वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे पत्ते खेळायला जायचो.
त्यांनी विचारलं नाही.
मीही, न विचारता कुणाच्या बॉनेटला हात लावत नाही.

मधला ॲलन बोल्ट सुटायला दुपार गेली.
क्लच हातात आला, वाटीएवढा,
कडेला धुळीची काळी वेलांटी.
तिथूनच तेल पाझरत गेलं होतं, वर्षाला चार-दोन थेंब.
समोरची दोन धातूंची पट्टी काढली.
तापली की ती कमानते, मागची पिन सुटते,
आत तेल शिरतं, मग पंखा इंजिनाचं ऐकतो.
थंड असताना ऐकत नाही. रचनाच तशी आहे.

सिलिकॉनचं तेल: दिसायला पाणी, वागायला काकवी.
भरायला वहिनींनी दवाखान्यातली सिरिंज आणली,
वेष्टनही न फोडलेली.
थेंब पिनेच्या भोकावर बसून राहायचा,
विचार करायचा, मग उतरायचा.
पंचवीस मिलीला अख्खा दिवस.
नंतर तीन दिवस माझ्या बोटांवरून पाणी नुसतं घसरत होतं.
क्लच मात्र उभाच ठेवायचा, दोन विटांच्या मध्ये.
आडवा ठेवला की पुन्हा गळतो.

वहिनी स्टुलावर बसून बघत होत्या.
"म्हणजे आता घाटात थांबावं लागणार नाही?"
नाही.
"एकदाही?"
नाही म्हटलं ना, वहिनी.
जरा वेळानं म्हणाल्या,
दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघायचे,
घरी आले की स्वतःचं मिटलेलं.
बोलायचे ते तिथेच. बॉनेट वर करून, दगडावर बसून,
इंजिन निवेपर्यंत. पाऊण तास.
मुलीचं लग्न आम्ही तिथे ठरवलं.
रिपोर्टचंही त्यांनी मला तिथेच सांगितलं.

वैशाखात, भर उन्हात, कसाऱ्यापर्यंत उतरून परत वर निघालो.
पुढे सळयांचा ट्रक, वेग माणसाच्या चालीचा.
काटा ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव.
मग बॉनेटखाली एक घोंघाट उठला,
ओझरच्या धावपट्टीवरचाच, फक्त लहान,
आणि काटा मागे आला.
मी हसलो. कुणीतरी हसायला हवं होतं.

तिसरं वळण गेलं.
"थांबवा," वहिनी म्हणाल्या.
काटा ब्याऐंशीवर. थांबायला काही कारण नव्हतं.
थांबवली.
त्या दगडापर्यंत गेल्या, बसल्या नाहीत.
मी उगीच बॉनेट वर केलं, उगीच डिकी उघडली.
आत त्यांची पाण्याची कॅन होती,
वीस लिटर, झाकणापर्यंत भरलेली.
ही आता काढून ठेवू? मी विचारलं.
"असू द्या," त्या म्हणाल्या.